आबांना बघायला आलेली माणसं

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्याकडचे रस्ते उसाच्या मालकीचे होतात. सकाळी ऑफिसला निघावं, तर पुढं ट्रॅक्टर, त्याच्यामागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत मावेल त्याहून जास्त ऊस, आणि सगळ्यांत मागं स्कूटरवर मी. ट्रॅक्टरवाला गाणी मोठ्यानं लावून आपल्याच तंद्रीत. ट्रॉलीतून बाहेर आलेलं एखादं कांडं माझ्या हेल्मेटला टोचून बघतं. पन्नाशी उलटली तरी ट्रॉलीला ओलांडून पुढं जायचं धाडस मला झालेलं नाही. साहेब विचारतात, उशीर का? मी म्हणतो, ऊस. कोल्हापुरात हे कारण चालतं.

मग धुक्यात कुठंतरी उसाचं पाचट पेटवल्याचा वास येतो. त्याच्यामागून गुळाच्या काहिलीचा, गोड आणि जरासा करपल्यासारखा. हा वास लोकांना भूक लावतो म्हणे. माझी उलट जाते. या वासातून मला माझे आजोबा दिसायला लागतात, चुलीच्या तोंडाशी उकिडवे बसलेले, धुरानं डोळे लाल झालेले. हंगाम सुरू झाला की ते येतात आणि कारखान्याचा भोंगा बंद होईपर्यंत जात नाहीत.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मुरगूडपासून जवळच आमचं गाव, तिथल्या बौद्धवस्तीत ते शेवटपर्यंत राहिले. तरुणपणी ते गुऱ्हाळावर जाळ घालायला जायचे. म्हणजे काहिलीखालच्या चुलीत दिवसभर चिपाडं सारत राहायचं. जाळ त्यांचा, वर उकळणारा रस मात्र त्यांचा नव्हे. काहिलीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. गूळ झाला की केळीच्या पानावर वरून त्यांना टाकला जायचा. हे ते रागानं सांगत नसत. एवढंच म्हणायचे, "माझ्या जाळावर शिजलाय म्हणून गोड लागायचा."

त्यांचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. जन्मले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात. तरुण झाले तेव्हा इंग्रज गेला, मग महाराजांचं राज्यही गेलं. त्या दिवशी काय वाटलं, असं मी एकदा मुलाखत घेतल्यासारखं विचारलं होतं. आबा म्हणाले, "सकाळी कामाला गेलतो तवा महाराजांचं राज्य हुतं. सांजंला आलो तर गावात पेढं वाटत हुते. आमच्या आळीत पेढा आलाच न्हाय. मग राज्य गेलं का ऱ्हायलं, आमाला कसं कळणार?"

पुढं धर्म बदलला. घरातले देव पोत्यात भरून वेदगंगेच्या डोहात सोडले. माझ्या पणजीनं त्यातला एक चांदीचा टाक लुगड्याच्या ओच्यात लपवून ठेवला. आबांना ते माहीत होतं आणि ती असेपर्यंत ते माहीत नसल्यासारखं वागले. "धर्म मी बदलला. तिला कुणी इचारलंतं? तिचा देव तिच्यासंगं जाऊ दे म्हणलं." भूकंप झाला त्या पहाटे ते अंथरुणातून उठले नाहीत; त्यांना वाटलं, म्हैस खांबाला अंग घासतीय. दुष्काळात खडी फोडायला गेले, तेव्हा अंगठ्याचं नख गेलं ते परत कधी सरळ आलं नाही. आणि कोरोनात अख्खं गाव एकमेकांपासून लांब उभं राहायला लागलं, तेव्हा आबा दारात बसून हसत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आमाला ह्याची सवय हाय. तुमी शिका आता."

मी हे सगळं चारचौघांत रंगवून सांगतो. लोक हसतात. मला गोष्टी सांगायला येतात असा माझा समज आहे, आणि आबांचं आयुष्य म्हणजे मला बसल्या जागी मिळालेला मालमसाला. पण एक गोष्ट अशी होती की ती मी रंगवून सांगायला लागलो की आबा मला थांबवायचे. ती विहिरीची.

गावाच्या मधोमध पायऱ्यांची विहीर होती. पाणी सगळ्यांचं, असा हुकूम महाराजांच्या राज्यातच निघाला होता. पण हुकूम निघायचा कोल्हापुरातून आणि गावाच्या वेशीवर येऊन बसून राहायचा. धर्म बदलायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात आमच्या आळीतले चौघं तरुण भल्या सकाळी त्या पायऱ्या उतरले आणि घागर भरून वर आले. आबा त्यातले एक. एवढीच गोष्ट. मारामारी झाली नाही, कुणी आडवंही आलं नाही. गावानं फक्त बोलणं बंद केलं. पुढचा अख्खा हंगाम आमच्या आळीतल्या कुणालाही गुऱ्हाळावर बोलावलं नाही. गावभर गुळाचा वास सुटलेला आणि आमच्या आळीत चूल नाही. त्या थंडीत आबांची धाकटी बहीण काशी तापानं फणफणली. मुरगूडच्या दवाखान्यात न्यायला कुणी गाडी दिली नाही. आबा तिला पाठीवर घेऊन निघाले. ती वाटेतच गेली.

आता ती विहीर नाही. बुजवून वर पेव्हिंग ब्लॉक बसवलेत, पोरं तिथं मोटारसायकली लावतात. आबांनी विषय काढला की आमच्याच आळीतली पोरं म्हणायची, "कुठली हीर, आबा? नळ हाय की आता." चौघांतले दोघं केव्हाच गेले. गावात विहिरीचं नाव निघालं तर एखादा म्हातारा म्हणायचा, असं काय झालंच न्हवतं, समद्यांना पाणी मिळत हुतं.

आबांना हे लागायचं. मी गावी गेलो की संध्याकाळी कधीतरी विचारायचे, "तू मानतोस न्हवं?"

"मानतो की, आबा." मोबाइलमधून मान वर न काढता मी म्हणायचो.

"तू मानशील रं. तू नातू हाईस. बघितलेल्या माणसानं व्हय म्हणाय पायजे एकदा."

मग बऱ्याच वेळानं, जणू मी तिथं नाहीच अशा आवाजात, "न्हाय तर काशी कशापायी गेली?"

बघितलेलं माणूस एकच उरलं होतं. मारुतीअप्पा. चौघांतले चौथे. हंगामाविना गेलेल्या त्या वर्षानंतर पोटासाठी गडहिंग्लजला गेले, बाजारात हमाली केली, तिथलेच झाले. माझ्या आजीच्या मातीला आले होते, त्यानंतर दोघांची गाठ नाही. मी एकदा फोन जोडून दिला. दोघांनाही ऐकू येत नव्हतं. हॅलो, कोण बोलतंय, जोरात बोला, एवढ्यावर त्यांचा संवाद बॅटरी संपेपर्यंत चालला. शेवटी फोन परत देताना आबा म्हणाले, "आवाज त्येचाच हाय. पर माणूस काय घावला न्हाय."

तेव्हा मी त्यांना गाडीतून गडहिंग्लजला न्यायचं ठरवलं. गाडी नवी होती आणि चालक त्याहून नवा. ऐन हंगाम, ऐन धुकं. मी मोबाइलच्या नकाशावर विसंबून, उसाच्या ट्रॉलीमागं ट्रॉली धरून चाललो होतो. धुकं निवळलं तेव्हा समोर हायवे आणि कागल. गडहिंग्लज दक्षिणेला, कागल उत्तरेला. एवढी अचूक चूक करायलाही अक्कल लागते. मी आबांना विचारलं, तुम्हाला तर रस्ता पाठ आहे, बोलला का नाही? आबा म्हणाले, "मला वाटलं तुझं काम आसंल कागलात." तिथं भजी खाऊन आम्ही परत आलो. त्यानंतर त्यांनी पुन्हा चल म्हटलं नाही, आणि पुढच्या हंगामात नक्की, असं म्हणत मीही ते पुढं ढकलत राहिलो.

अशात घरच्यांनी ठरवून टाकलं की आबांना या हिवाळ्यात शंभर वर्षं पूर्ण होतात. आधार काही नव्हता, उत्साह होता. मी म्हणालो, डिजिटल माझ्याकडं लागलं. आमच्याकडं चौकातल्या छापील मोठ्या फलकाला डिजिटल म्हणतात. वाढदिवसाचं डिजिटल कसं असतं, हे कोल्हापुरात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. रंगीत फोटो, डोळ्याला गॉगल, कानाला मोबाइल, आणि खाली शुभेच्छुकांची तोंडं, थाळीत वडे मांडावेत तशी दाटीवाटीनं. मला ते गावंढळ वाटायचं. मी शहरात राहतो, मला अभिरुची आहे. मी आबांचा कृष्णधवल फोटो निवडला, मागं फिकट निळं आकाश ठेवलं, वर नाव, खाली 'शंभर वर्षं'. बस.

डिजिटलवाल्यानं विचारलं, "खाली फोटो कुणाकुणाचं?"

"कुणाचेच नकोत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. आवाज खाली आणला. माझ्यासाठी चहा सांगितला आणि फोटोकडं बघत म्हणाला, "असली माणसं ऱ्हायली न्हाईत आता." मी मान डोलावली. मला वाटलं, माणसाला साधेपणाची कदर आहे.

डिजिटल गावच्या एसटी थांब्यावर लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कट्ट्यावर उन्हाला बसले होते, हातात चहाचा पेला. इतक्यात आळीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं. शेजारच्या गावातली लांबच्या नात्यातली एक म्हातारी पदर तोंडाला लावून, "दादा माझ्या" असा सूर धरून येत होती. कट्ट्यापाशी आली, मान वर केली आणि सूर तसाच अधांतरी राहिला.

आबांनी चहाचा घोट घेतला. "थांबलीस का? म्हण की. कोण गेलंय?"

ज्या फलकावर खाली तोंडं नाहीत तो मेलेल्या माणसाचा, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. मला सोडून. दहाच्या सुमाराला दूध संस्थेची माणसं हार घेऊन आली. मग आबांच्या वेळचे गुऱ्हाळमालक होते त्यांची सून आली, माझे दोन शिक्षक आले, कोण कोण आलं. मी कोपऱ्यात उभा राहून हात जोडत होतो आणि माझ्या अभिरुचीला शिव्या घालत होतो. चुलते मला फाडून खायला बघत होते. आबा मात्र रंगात आले होते. "पावणं, बसा की. मातीला येळ हाय अजून." हार आणला त्याच्याकडून तो घालून घेतला. एकाला म्हणाले, "रड की जरा. एवढ्या लांबनं आलाईस." मी माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मेल्यावर कोण आलं, कोण न्हाय, मला कुठं दिसणार हाय? तू आदीच दावलंस."

ऊन कलल्यावर माणसं थांबली. कट्ट्यावर झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या. आबा थकून भिंतीला टेकले होते. हसू उतरलं होतं. मला जवळ बोलावून विचारलं, "गडहिंग्लजचं कोण आलंतं?"

नव्हतं आलं.

डिजिटल मी त्याच दिवशी उतरवलं. पण त्याचा फोटो मोबाइलमधून पुढं गेला होता, जोडलेल्या हातांची चित्रं लागून. तो कसा उतरवणार? दोन-तीन दिवसांनी दुपारच्या एसटीनं मारुतीअप्पा आले. बरोबर त्यांचा मुलगा सुभाष. मी थांब्यावरच गाठून घडलेलं सांगितलं. सुभाष कपाळाला हात लावून म्हणाला, "आबा हाईत हे लई बरं झालं. पर आमच्या अप्पांचं डोस्कं आता जाग्यावर नसतंय. जुनं समदं आठवतं, काल काय झालं ते न्हाय. घरात मलाच कवा कवा इचारत्यात, पावणं कुठलं म्हणून."

अप्पा वाळून काठीएवढे झाले होते. कट्ट्यावर आबांच्या शेजारी बसले. आबा त्यांच्याकडं बघत होते. अप्पांनीच आबांचा हात हातात घेतला, सांत्वनाला घेतात तसा.

"लई वंगाळ झालं. तुमी त्येचं कोण?"

सुभाष मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, हेच आबा. लखूआबा." अप्पांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

आबा वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "मारुत्या, मी लखूच हाय रं."

अप्पांनी त्यांच्या हातावर थोपटलं. "व्हय, व्हय. दुखात माणसाला तसंच वाटतं. आपणच गेलो आसं वाटतं. धाकटं भाऊ न्हवं तुमी? चेहरा हाय त्येचा."

आबांनी हातावरच्या त्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. धाकटा."

मी आणि सुभाष एकमेकांकडं बघायचं टाळत उभे होतो. रस्त्यावरून उसाची बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो थांबल्यावर आबांनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं. सरळ, न अडखळता. किती वर्षं तो प्रश्न त्यांच्या जिभेवर होता कुणास ठाऊक.

"ती हिरीची गोष्ट खरी काय? त्यो सांगायचा, चौघं एकदम उतरलो म्हणून."

"हीर खरी," अप्पा म्हणाले. "एकदम उतरलो हे खोटं. त्यो एकटा उतरला आदी. आमी तिघं वर हुतो. मी तर पळालो. चावडीपतोर गेलतो. त्येनं खालनं हाक मारली, मारुत्या, पाणी गार हाय, ये. म्हणून माघारी आलो."

मी आबांकडं बघितलं. ही गोष्ट मी त्यांच्याकडून कितीतरी वेळा ऐकली होती, आणि दर वेळी चौघं एकदमच उतरले होते. त्यांनी नजर खाली घातली होती. मित्राचं पळणं त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

"त्येच्या तोंडावर मला ह्ये कधी बोलाय झालं न्हाय," अप्पा म्हणाले. "आज आलो, तर त्यो न्हाय." मग हात तसाच धरून, आबांच्या कानाशी वाकून, "त्येची भन गेली त्या सालात. काशी. मला वाटतं, समदीच पळालो असतो तर पोरगी जगली असती. त्येला इचारायचं हुतं. त्येला काय वाटायचं?"

आबांचा दुसरा हात मांडीवर होता. त्याची बोटं मिटली, उघडली.

"त्यो बी सोताला त्येच इचारायचा," आबा म्हणाले.

दोघं बसून राहिले. उन्हं कौलांवरून उतरून अंगणात आली. चहा आला, गार झाला. साडेचारची गाडी चुकेल म्हणून सुभाष घाई करायला लागला, तेव्हा अप्पा उठले आणि निघताना आबांच्या डोक्यावरून हात फिरवला, वडीलधाऱ्यानं फिरवावा तसा. आबांनी तो फिरवू दिला.

गाडी गेल्यावर मी म्हणालो, "आबा, बघितलेल्या माणसानं म्हटलं एकदाचं. झालं न्हवं मनासारखं?"

आबा म्हणाले, "म्हणला की. पर मला न्हाय म्हणला. माझ्या मागं म्हणला."

त्या दिवसानंतर त्यांनी मला "तू मानतोस न्हवं" असं कधी विचारलं नाही. ते विचारायचे तेव्हा मला कंटाळा यायचा. आता मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो की मधेच कान देतो. इतिहास म्हणजे मोठी माणसं, तारखा आणि पुतळे, असं मला शाळेत वाटायचं. माझ्या घरचा इतिहास दोन बहिऱ्या म्हाताऱ्यांमध्ये अर्धा-अर्धा ठेवलेला होता आणि ते अर्धे जुळले तेव्हा एकाला दुसरा ओळखू येत नव्हता. आणि एवढी भेट तरी माझ्या फलकामुळं झाली. म्हणजे जे मला नवी गाडी घेऊन जमलं नाही ते मूर्खपणानं जमलं. याचा आनंद मानावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आबा पुढच्या हंगामात गेले. चहा पिऊन कट्ट्यावर बसले होते, तिथंच मान कलली. माणसं आली, पण पहिल्या वेळेपेक्षा कमी. काहीजणांना खरं वाटलं नाही, काहींना वाटलं असेल की आपलं येणं झालेलं आहे. जलदान विधीच्या आदल्या दिवशी मी गडहिंग्लजला फोन केला. सुभाषला सांगितलं. तो हळहळला, फोन धरूनच अप्पांकडं जाऊन आला, मग चाचरत म्हणाला, "अप्पांना मी सांगितलं की. ते म्हणत्यात, मी जाऊन आलोय."

मी म्हणालो, जरा अप्पांशी बोलतो.

"थांबा, देतो त्यांच्याकडं. कानाला यंत्र बसवलंय आता, ऐकू येतंय थोडं."

पलीकडं खुडबुड झाली. मग श्वास ऐकू आला.

"अप्पा," मी म्हणालो, "आमचे आबा गेले."

"व्हय की बाबा. ठावं हाय मला. आलतो की मी. बसलो हुतो न्हवं त्येच्या भावासंगं." जरा थांबले. "भाऊ कसा हाय त्येचा? लई खचल्यागत दिसला मला. त्येला एकट्याला सोडू नगासा."

अंगणात मंडपवाले खांब रोवत होते. कट्टा रिकामा होता.

"न्हाय सोडत, अप्पा," मी म्हणालो. "बरे आहेत ते."